फेरिटिन १,४८०, लोह बेताचे: डिचोली तालुक्यातील एका कुटुंबाचे प्रकरण

रक्तातले फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारे प्रथिन, मिलिलिटरमागे १,४८० नॅनोग्रॅम; ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन किती भरलेले आहे ते, २४ टक्के. एकाच दिवशी एकाच माणसाचे काढलेले रक्त, आणि त्यातले हे दोन आकडे एकमेकांशी बोलायला तयार नाहीत. पुरुषांत फेरिटिनची वरची मर्यादा साधारण ३०० ते ४०० धरतात. त्या हिशेबाने या माणसाच्या अंगात लोहाचा मोठा साठा असायला हवा. पण साठा खरोखरच इतका असता तर सॅच्युरेशनही बहुधा ४५ टक्क्यांच्या पुढे गेले असते. प्रयोगशाळेच्या कागदावर पहिला आकडा ठळक छापलेला होता, दुसरा साध्या टायपात. पुढचे कित्येक महिने उपचार झाले ते ठळक आकड्यावर.

हे प्रकरण मी पॅथॉलॉजीच्या बाजूने पाहिले. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून वये, व्यवसायाचे काही तपशील आणि आकडे थोडे बदलले आहेत. तर्काचा क्रम मात्र घडला तसाच आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण ४२ वर्षांचे, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. उमेदीची वर्षे खाणीवर टिपर चालवण्यात गेली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग अर्धवट सुरू झाल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर त्यांनी टिपरचा नाद सोडून पर्यटक टॅक्सी घेतली. कर्जाबरोबर विमा आला, विम्याबरोबर तपासणी आली आणि तपासणीत फेरिटिन सापडले. तक्रार म्हणाल तर काहीच नव्हती.

आमच्या भागात अशा आकड्याला कारण शोधायला लांब जावे लागत नाही. "इतकी वर्षे लाल धुळीत काढली, लोखंड अंगात मुरलेच असणार," असे घरचे म्हणाले, शेजारचे म्हणाले आणि एकदोन वैद्यकीय मंडळींनीही मान हलवली. धूळ फुफ्फुसात बसते हे खरे, आणि लोखंडाच्या धुराधुळीत काम करणाऱ्यांच्या फुफ्फुसात तिचे डाग दिसतात हेही खरे. पण यांचा छातीचा एक्स-रे स्वच्छ होता.

दुसरा संशय यकृतावर. फेरिटिन वाढण्याची नेहमीची कारणे म्हणजे फॅटी लिव्हर, दारू, मधुमेह आणि शरीरात कुठेतरी चालू असलेला दाह. हे गृहस्थ हुर्राकच्या (काजूच्या दारूच्या) मोसमात थोडी घेत, एरवी नाही. सोनोग्राफीत यकृतावर किंचित चरबी, यकृताची एन्झाइम्स ठीक, दाह दाखवणारी सीआरपी चाचणी ठीक, साखर ठीक. किंचित चरबीने फेरिटिन पाचशेपर्यंत चढलेले मी पुष्कळदा पाहिले आहे. दीड हजाराला ती पुरेशी वाटत नाही.

मग हिमोक्रोमॅटोसिसची, म्हणजे अंगात लोह साचत जाणाऱ्या आनुवंशिक आजाराची, चाचणी झाली. एचएफई जनुकातला सी२८२वाय हा बदल युरोपीय वंशाच्या लोकांत नेहमीचा आहे, भारतीयांत दुर्मीळ. अपेक्षेप्रमाणे तो नव्हता. तरीही "दुसऱ्या कुठल्यातरी प्रकारचा हिमोक्रोमॅटोसिस" असे गृहीत धरून रक्त काढायला सुरुवात झाली.

चार पिशव्यांचा हिशेब

दर पंधरा दिवसांनी ४५० मिलिलिटरची एक पिशवी. चौथ्या पिशवीनंतर रुग्णाला जिना चढताना धाप लागू लागली. हिमोग्लोबिन १४.१ वरून १०.२ वर आले होते, लाल पेशींचा आकार लहान झाला होता, सॅच्युरेशन ८ टक्क्यांवर घसरले होते. आणि फेरिटिन? १,३९०.

इथे कागद-पेन्सिल घेऊन बसले तर उत्तराचा अर्धा भाग तिथेच मिळतो. एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह बाहेर जाते, म्हणजे चार पिशव्यांतून फार तर १ ग्रॅम. रक्तातल्या फेरिटिनचा एक नॅनोग्रॅम म्हणजे साठ्यातले सुमारे ८ मिलिग्रॅम लोह, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. तो लावला तर १,४८० म्हणजे जवळजवळ १२ ग्रॅम. बारा ग्रॅममधून एक काढल्यावर कोणी पांढराफटक पडत नाही. निरोगी पुरुषाचा साठाच मुळी ग्रॅमभर किंवा त्याहून कमी असतो, आणि हा माणूस तेवढ्या वजाबाकीत रिकामा झाला होता. याचा अर्थ साठा कधीच जास्त नव्हता. यकृताचा एमआरआय केला, त्यातही लोह सामान्य निघाले.

म्हणजे फेरिटिनचा आकडा या माणसात लोहाबद्दल काही सांगतच नव्हता. तो स्वतःच्या चालीने चालला होता, लोह असो वा नसो.

डोळे

फाइलच्या मागच्या पानावर, "पूर्वीच्या शस्त्रक्रिया" या रकान्यात, एक ओळ होती: दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू, वय ३४. कोणी त्यावर बोट ठेवले नव्हते. विचारले तेव्हा ते म्हणाले, "रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे पसरायचे. टिपर चालवणेच कठीण झाले होते. उन्हातले काम, म्हणून डोळे लवकर गेले म्हणाले."

उन्हाची कथा बहिणीपाशी येऊन तुटली. बहीण घरातच शिवणकाम करते, खाणीवर कधी गेली नाही, आणि तिचे ऑपरेशन तिसाव्या वर्षी झाले होते. वडिलांचे ४८ व्या वर्षी. रुग्णाचा ११ वर्षांचा मुलगा फळ्यावरची अक्षरे "पांढरी होतात" म्हणून पुढच्या बाकावर जाऊन बसायचा. त्याच्या डोळ्यांना चष्म्याचा नंबर नव्हता, त्यामुळे घरात त्याला कामचुकार ठरवले गेले होते. स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली) दोन्ही भिंगांत पावाच्या चुऱ्यासारखे बारीक पांढरे कण विखुरलेले दिसले.

वडिलांकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे, मुलीतही, आणि एकही पिढी न चुकता. तरुण वयातला मोतीबिंदू, भरमसाट फेरिटिन आणि बेताचे लोह या तिघांची गाठ १९९५ मध्ये फ्रान्स आणि इटलीतल्या कुटुंबांत पहिल्यांदा लक्षात आली. नाव लांबलचक आहे: आनुवंशिक हायपरफेरिटिनेमिया-मोतीबिंदू सिंड्रोम. त्याच वर्षी त्याचे कारणही सापडले, आणि ते प्रथिनाच्या मजकुरात नव्हते.

कॅपजवळचा पट्टा

फेरिटिन हा २४ घटकांचा पोकळ गोळा. आत सुमारे ४,५०० लोह-अणू मावतात. घटक दोन प्रकारचे, एच आणि एल. एचचे जनुक ११ व्या गुणसूत्रावर, एलचे १९ व्यावर. मोकळे लोह पेशीला घातक, म्हणून लोह वाढले की फेरिटिन ताबडतोब हवे. जनुकावरून नवा एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठीची प्रत, उतरवत बसायला सवड नसते. पेशीने यावर काढलेली युक्ती अशी: एमआरएनए आधीच तयार ठेवायचा, फक्त त्यावर प्रथिन बनू द्यायचे नाही. हॅमिश मन्रो यांच्या गटाने १९६० आणि ७० च्या दशकांत प्रयोगातल्या उंदरांवर हे दाखवले. औषधाने नवा आरएनए बनणे थांबवले तरी लोह दिल्यावर यकृतातले फेरिटिन वाढतच होते. सूत्र जनुकापाशी नव्हते, एमआरएनएपाशी होते.

एमआरएनएची फीत एका टोकाला रासायनिक टोपी घालून येते, तिला कॅप म्हणतात. या ५-प्राइम टोकाकडून रायबोसोमचा, म्हणजे प्रथिन बांधणाऱ्या यंत्राचा, लहान भाग चढतो, फीत वाचत पुढे सरकतो आणि 'ए-यू-जी' ही सुरुवातीची खूण दिसली की प्रथिन बांधायला लागतो. कॅप ते ही खूण यांच्यामधल्या पट्ट्याचे प्रथिन होत नाही. हा ५-प्राइम यूटीआर. प्रथिनाचा मजकूर संपल्यावर उरते ती शेपटी म्हणजे ३-प्राइम यूटीआर. एल-फेरिटिनचा ५-प्राइम पट्टा जेमतेम २०० अक्षरांचा आहे, आणि सगळी गंमत त्याच्या पहिल्या चौथाईत आहे.

कॅपपासून जवळच सुमारे ३० अक्षरांचा तुकडा स्वतःवरच दुमडून केसांच्या पिनेसारखा उभा राहतो. १९८७ मध्ये तो ओळखला गेला. त्याला आयआरई म्हणतात. पिनेच्या डोक्यावर सहा अक्षरांचा वळसा: सी-ए-जी-यू-जी-यू. यातला पहिला सी आणि पाचवा जी आपसांत जोडी जमवतात, त्यामुळे मधली ए, जी, यू ही तीन अक्षरे बाहेर डोकावतात. लोह कमी असले की आयआरपी नावाची प्रथिने येऊन याच तीन अक्षरांना आणि पिनेच्या कडेला एकट्या पडलेल्या एका सी-ला धरून बसतात. २००६ मध्ये या जोडीची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, त्यात ही पकड अणू-अणूने दिसते.

आयआरपी तिथे बसली की कॅपवर सुरुवात करून देणारी प्रथिने जमली तरी रायबोसोमच्या लहान भागाला चढायला जागा राहत नाही. पिनेचे कॅपच्या जवळ असणे इथे निर्णायक आहे. प्रयोगात हीच पिन तशीच्या तशी ठेवून कॅपपासून दूर सरकवली की दाब सुटतो, फेरिटिन बनू लागते. लोह आले की काय होते, तेही पाहण्याजोगे आहे. आयआरपी-१ च्या पोटात लोह-गंधकाचा एक गुच्छ बसतो, तिचा आकार बदलतो, आणि ती आरएनए सोडून अकोनिटेज नावाचे एन्झाइम म्हणून दुसऱ्याच कामाला लागते. एकाच प्रथिनाच्या दोन नोकऱ्या! आयआरपी-२ चा मार्ग वेगळा: लोह असताना एफबीएक्सएल५ हे प्रथिन स्थिर राहते आणि आयआरपी-२ ला मोडीत काढायला पाठवते.

गोव्यातल्या खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीलगतच्या शेतीच्या, बांधावर 'मानस' नावाचे पाण्याचे फाटक असते. भरतीचे पाणी चढले की तिचे दार पाण्याच्याच रेट्याने मिटते, ओहोटीला आपसूक उघडते, कोणाला उठून जावे लागत नाही. आयआरई आणि आयआरपीचे तसेच आहे: लोहाच्या चढउतारावरच दार हलते.

या कुटुंबात बदल सापडला तो फितीच्या ४० व्या अक्षरात. ए च्या जागी जी. बाहेर डोकावणाऱ्या तीन अक्षरांपैकी हे पहिलेच. आयआरपीला धरायला आधार उरला नाही. १९९५ च्या पहिल्या वर्णनांतही हाच बदल होता आणि सापडला त्या शहरावरून त्याला पॅरिस-१ म्हणतात. शेजारचे ४१ वे अक्षर बदललेला तो व्हेरोना-१. बनणारे एल-फेरिटिन अगदी शुद्ध, एकही अमिनो आम्ल चुकीचे नाही. फक्त ते बनणे थांबत नाही.

आता चार पिशव्यांनंतरचा १,३९० हा आकडा उलगडतो. माणसाकडे एल-फेरिटिनच्या दोन प्रती असतात. लोह घटले तसे आयआरपी वाढले आणि आईकडून आलेली शाबूत प्रत त्यांनी गप्प केली. वडिलांकडून आलेल्या प्रतीवर त्यांचा हात पोचत नव्हता, ती तशीच चालू राहिली. रक्त काढण्याने त्या प्रतीवर परिणाम व्हायचे कारणच नव्हते. आणि रक्तात फिरणारे फेरिटिन बहुतांशी एल प्रकारचे, लोहाने जवळजवळ रिकामे असते, म्हणून चाचणीत नेमके तेच फुगलेले दिसते. लोह किती शोषायचे हे तर यकृतातले हेपसिडिन हे संप्रेरक ठरवते, फेरिटिनचा त्यात हात नाही. त्यामुळे साठा वाढला नाही.

मग डोळेच का? भिंगातल्या तंतुपेशी आयुष्यभर तिथेच राहतात. त्या गळत नाहीत, त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. यकृतात जादा प्रथिनाचा निचरा होतो, भिंगात ते साचते आणि शेवटी स्फटिक होऊन बसते. समोरच्या गाडीचे दिवे फुटत होते ते त्या स्फटिकांवर.

अहवालात काय वाचले नव्हते

निदान इतके सरळ असताना उशीर का झाला? मधल्या काळात एका डॉक्टरांनी एक्झोम तपासणीही मागवली होती. खर्च बराच, अहवाल जाड, निष्कर्ष एका ओळीचा: "रोगकारक बदल आढळला नाही." घरच्यांनी त्याचा अर्थ "आनुवंशिक काही नाही" असा लावला, आणि त्यांना दोष देता येत नाही.

एक्झोममध्ये जनुकांचे मुख्यतः प्रथिन बनवणारे भाग पकडले जातात. ५-प्राइम पट्टा त्यात कधी येतो, कधी निम्मा येतो, कधी मुळीच नाही. आणि वाचला गेला तरी पुढची चाळणी अमिनो आम्ल बदलणारे किंवा जोडणीत बिघाड करणारे बदलच वर ठेवते. अमिनो आम्ल न बदलणारा यूटीआरमधला बदल त्या चाळणीतून खाली पडतो. आम्ही प्रयोगशाळेला मोतीबिंदूची हकीकत लिहून पाठवली आणि एल-फेरिटिनच्या पहिल्या एक्झॉनचा सुरुवातीचा तुकडा सँगर पद्धतीने वाचायला सांगितले. तो तुकडा इतका लहान आहे की काम किरकोळ होते. बदल तिथेच बसला होता.

माझे मत स्पष्ट आहे: कोणते पट्टे वाचलेच नाहीत हे अहवालाच्या पहिल्या पानावर, निष्कर्षाच्या शेजारी छापायला हवे. शेवटच्या पानावरच्या बारीक टायपात नको. हे एकच जनुक असते तर गोष्ट वेगळी. पण सुमारे निम्म्या मानवी एमआरएनएंच्या ५-प्राइम पट्ट्यात खऱ्या सुरुवातीच्या आधीच एखादी 'ए-यू-जी' बसलेली असते, आणि ती रायबोसोमला वाटेत अडवून पुढचे प्रथिन कमी ठेवते. थ्रॉम्बोपोएटिनच्या पट्ट्यातले असे अडथळे गळून पडले की ते संप्रेरक जास्त बनते आणि प्लेटलेट वाढतात, अशी कुटुंबे १९९८ पासून माहीत आहेत. उलट सीडीकेएन२ए या जनुकात एका अक्षराने नवी खोटी सुरुवात तयार होते, खरे प्रथिन घटते आणि मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दोन्हीकडे प्रथिनाचा मजकूर निर्दोष.

शेपटीकडचा ३-प्राइम पट्टाही स्वस्थ नसतो. पेशीत लोह आत घेणारा ट्रान्सफेरिन रिसेप्टर घ्या. त्याच्या शेपटीत तशाच पाच पिना आहेत. लोह कमी असताना आयआरपी तिथेही बसतात, पण परिणाम उलटा: त्या फितीला तोडणाऱ्या एन्झाइमपासून वाचवतात, फीत टिकते, रिसेप्टर जास्त बनतो. डोक्याकडे बसले तर बंद, शेपटीकडे बसले तर चालू. लोह हवे असताना कोठार बंद आणि दरवाजा उघडा, हे दोन्ही एकाच प्रथिनाने साधले. रुग्णाच्या रिसेप्टरच्या पिना शाबूत होत्या, त्यामुळे त्यांच्या पेशींना लोहाची टंचाई बरोबर कळत होती. चुकीचे ऐकू येत होते ते आम्हाला, फेरिटिनवरून.

घरच्यांशी बोलणे

अवघड भाग हाच होता. रुग्णाच्या पत्नीने सरळ विचारले, "डॉक्टर, आतापर्यंत ह्यांच्या अंगात लोखंड जास्त म्हणून रक्त काढले. आता तुम्ही लोखंडाच्याच गोळ्या देता. आम्ही कोणाचे ऐकायचे?" प्रश्न रास्त होता. मी त्यांच्यासमोर सॅच्युरेशनचे आणि हिमोग्लोबिनचे कागद तारखेवार मांडले आणि दर पिशवीनंतर काय काय उतरत गेले ते बोटाने दाखवले. फेरिटिनचा कागद मुद्दाम शेवटी ठेवला. पिना, वळसा, ४० वे अक्षर यातले काही त्या दिवशी सांगितले नाही. गोळ्या सुरू झाल्या, रक्त काढणे थांबले, आणि तीन महिन्यांत हिमोग्लोबिन १३.६ वर आले.

सत्तरीतल्या वडिलांनी जनुकाच्या तपासणीला नकार दिला. "माझे डोळे झाले, आता माझे काय तपासता? नातवाचे बघा." त्यांचे साधे फेरिटिन १,१०० निघाले, तेवढ्यावर आम्ही थांबलो. नातवात बदल आहे. मुलाच्या शाळेला पत्र दिले, त्याला पुढच्या बाकावर आणि खिडकीकडे पाठ करून बसवतात. नेत्रतज्ज्ञ दर सहा महिन्यांनी पाहतात. वाचायला अडू लागले की शस्त्रक्रिया, तोवर घाई नाही. यकृताची, हृदयाची भीती घालण्याचे कारण नाही. या विकारात डोळ्यांपलीकडे सहसा काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र नीट जुळत नाही. घरात चौघांकडे बदल आहे असे धरले, आणि तो एकच आहे, तरी वडिलांची नजर ४८ पर्यंत चालली आणि नातवाला ११ व्या वर्षी अडू लागले. वळशातले बदल पिनेच्या बुडाकडच्या बदलांपेक्षा साधारणपणे कडक असतात, पण एकाच बदलाच्या एकाच घरात इतका फरक पडतो, हे इतर देशांतल्या कुटुंबांतही नोंदले गेले आहे. त्यामुळे मुलाला "अमुक वयात ऑपरेशन लागेल" असे सांगायचे मी टाळले.

राहता राहिली बहीण. सगळ्यात जास्त नुकसान तिचे होत होते आणि ते कोणाच्या नजरेत नव्हते. मासिक पाळीत रक्तस्राव जास्त, सतत थकवा, हिमोग्लोबिन ९.४. दोन वेळा तिला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या आणि दोन्ही वेळा फेरिटिनचा अहवाल आल्यावर बंद केल्या गेल्या: "तुमचे लोह तर जास्त आहे, हा अशक्तपणा दुसरा." तिचे सॅच्युरेशन तपासलेच गेले नव्हते. ते ९ टक्के होते. तिच्यातही ४० वे अक्षर बदललेले आहे, तिच्या थोरल्या मुलीत नाही. रक्तस्रावावर स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचार आणि सोबत गोळ्या सुरू केल्यावर चौथ्या महिन्यात तिचे हिमोग्लोबिन ११.८ झाले, सॅच्युरेशन २१. फेरिटिन १,२४० होते ते १,२६०. पुढच्या तपासण्यांच्या यादीतून ती चाचणी आम्ही काढून टाकली.